मान लो अंकल

इंद्रपुरीतल्या त्या घराचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला मी गेले, तेव्हा घरमालकांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काहीच आधी विचारलं नाही. माझी सूटकेस दारात उभी होती. ते तिच्यापाशी उकिडवे बसले, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केली, कान जवळ नेला आणि आत वळून म्हणाले, "ऐकलं का? मुलगी बरी वाटतेय. पण समजा, नसली तर?"

आतून काकूंचा आवाज आला, "तर जा म्हणू. आधी तिला पाणी तरी द्या."

मी नाशिकची. बँकेतल्या बदलीनं भोपाळला येऊन पडले होते आणि शहरात मराठी बोलणारं कुणी भेटलं की मला भरून यायचं. म्हणून मी ती टकटक मनावर घेतली नाही. पुढे कळलं की ते सगळ्याच वस्तूंवर टकटक करतात. कलिंगड, नवा माठ, देवळाचं दार. एकदा तर शेजारच्या सरदारजींनी नवीन हेल्मेट घातलेलं असताना त्यांच्या डोक्यावरसुद्धा केली होती.

काकांचे वडील राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले. काका शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढले आणि शिकून मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात इंजिनीअर म्हणून लागले. अवजड यंत्रांचे पोलादी भाग बाहेर पडण्याआधी आतून नीट आहेत की नाहीत, हे बघायचं आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांचं काम. बरीच वर्षं बरखेड्याला कारखान्याच्या कॉलनीत काढून त्यांनी इंद्रपुरीत हे घर बांधलं. घराच्या फाटकाजवळ नाव कोरायला संगमरवरी पाटी बसवली होती, आणि ती कोरीच होती. "दोन नावं आहेत मनात," ते म्हणायचे. काकू म्हणायच्या की घर बांधलं तेव्हाही दोनच होती.

गल्लीतली मुलं त्यांना 'मान लो अंकल' म्हणत. कारण त्यांचं कुठलंही बोलणं मराठीत 'समजा' आणि हिंदीत 'मान लो' या शब्दावर येऊन थांबायचं आणि तिथून दुसऱ्या वाटेला लागायचं. भाजीवाल्याकडे दोन दुधीभोपळे उचलायचे. "भैया, मान लो ये वाली अंदर से कड़वी निकली।" भाजीवाला म्हणायचा, "तो अंकल, दूसरी ले लो।" "और मान लो दूसरी भी।" शेवटी ते दोन्ही घेऊन यायचे आणि काकू न बघता एक चिरायच्या.

त्यांचा आणखी एक प्रकार होता. ते दिवसाच्या दोन पाळ्या मानायचे. दुपारच्या जेवणापर्यंत पहिली पाळी, झोप काढून उठले की दुसरी. पहिल्या पाळीत जे मत दिलं त्याच्या विरुद्ध मत दुसऱ्या पाळीत द्यायचं, हा त्यांचा नियमच होता. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, सकाळी तुम्हीच म्हणालात ना, गीझर घे म्हणून?"

ते शांतपणे म्हणाले, "सकाळच्या पाळीचा इंजिनीअर वेगळा होता, बेटा. त्याचं काम तपासायलाच मला ठेवलंय."

हे ते चेष्टेनं म्हणत नव्हते. त्यांचा चेहरा खरोखर परीक्षा चालू असल्यासारखा असायचा.

त्यांच्या घरात गाडी नव्हती. निवृत्त झाल्यापासून ते गाडी घेणार होते. दर रविवारी होशंगाबाद रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत चक्कर मारायचे, बॉनेटवर टकटक करायचे, पत्रकं घेऊन यायचे. तिथले सगळे विक्रेते त्यांना ओळखायचे आणि लांबूनच चहा मागवायचे. कारण गिऱ्हाईक म्हणून कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं. काकू त्याला 'देवदर्शन' म्हणायच्या. "जातात, प्रदक्षिणा घालतात, रिकाम्या हातानं येतात."

काकूंना मात्र गाडी खरंच हवी होती. त्यांच्या गुडघ्यांनी जवळजवळ संप पुकारला होता. आणि बैतूलच्या पुढे मुलताईला त्यांची मोठी बहीण होती, तिचं डोकं विसरायला लागलं होतं. आधी भाच्यांची नावं गेली, मग घरातल्या सुनेचं. काकूंना रेल्वेनं जाता आलं असतं. पण काकांचं म्हणणं, मुलताईला गाडी थांबते किती, समजा तेवढ्यात हिला उतरता आलं नाही तर? बसच्या पायऱ्या उंच. भाड्याची टॅक्सी घ्यावी तर समजा चालकाला डुलकी लागली तर?

एकदा गोळाभात खायला मला खाली बोलावलं असताना काका उठून गेल्यावर काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताईला मी आठवतेय तोवर जायचंय गं मला. एवढंच आहे."

मग त्यांनी मला ती जुनी गोष्ट सांगितली. कारखान्यात एका मोठ्या टर्बाइनचा शाफ्ट तयार झाला होता. कित्येक महिने माणसं त्याच्यावर राबली होती. काकांनी तो यंत्रानं तपासला आणि त्यांना आत भेग असल्याची खूण दिसली. त्यांनी नापास केला. वरच्या साहेबांनी समजावलं, दरडावलं, काका हलले नाहीत. शेवटी शाफ्ट कापून बघितला. आत काहीच नव्हतं. स्वच्छ पोलाद.

"कुणी एक शब्द बोललं नाही यांना," काकू म्हणाल्या. "बोलले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे घरी आले, जेवले, आणि मला म्हणाले, समजा कापलं ती जागाच चुकली असेल तर? त्या दिवसापासून हे असं आहे."

ते ऐकून मला काय वाटावं हे मला कळेना. त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की काकूंनी हे सगळं किती वर्षं जेवणाबरोबर गिळलं असेल.

गाडी शेवटी घेतली मी. बँक एम. पी. नगरला, पावसाळ्यात स्कूटीवरून जाऊन जाऊन मी कंटाळले होते. जुन्या गाड्यांच्या एका दुकानात एक पांढरी गाडी बघितली, चालवली, आवडली, हो म्हटलं. काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी चोरी केल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. "एका दिवसात?" एवढंच म्हणाले.

पण एक गोष्ट अजून ठरायची होती, आणि ती त्यांनी लगेच हेरली. दुकानदार सांगत होता, गाडीवर थोड्या महिन्यांची वॉरंटी आहेच, पण जास्तीचे पैसे भरलेत तर ती दोन वर्षं वाढवून मिळेल. मात्र ते गाडी ताब्यात घ्यायच्या आत सांगायचं. नंतर मिळणार नाही.

काका माझ्याबरोबर दुकानात आले. विक्रेता तरुण, गोड बोलणारा होता. तो म्हणाला, "मैडम, वारंटी का मतलब है पीस ऑफ माइंड।"

काकांनी चष्मा पुसला. "भैया, ये पीस ऑफ माइंड इंजन में आता है या गियरबॉक्स में?"

"मतलब, अंकल?"

"मतलब ये कि आपकी किताब में लिखा है, इंजन कवर है, गियरबॉक्स कवर है। क्लच नहीं, ब्रेक नहीं, बैटरी नहीं। जो चीज़ घिसती है वो कवर नहीं। अब मान लो, इंजन भी घिसता है। तो?"

विक्रेता हसला आणि चहा मागवला. काका चहा प्यायले नाहीत.

त्यानंतरचे काही दिवस माझ्या डोक्याचा भुगा झाला. सकाळी बँकेत निघताना काका जिन्याच्या तळाशी उभे. "घे. डोळे मिटून घे. जुन्या गाडीच्या पोटात काय आहे कुणी पाहिलंय?" संध्याकाळी परत आले की त्याच जागी. "घेऊ नकोस. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो वर आणखी पैसे मागेल का?" मला दोन्ही पटायचं. नाशिकला भावाला फोन केला, तो म्हणाला घे. बँकेतली शर्मा मॅडम म्हणाली, सब लूट है. मी रात्री अंथरुणात पडून ते बारीक अक्षरातलं पुस्तक वाचायची, आणि प्रत्येक वाक्यातल्या 'परंतु'पाशी मला झोप लागायची.

काकांनी एक दिवस वॉरंटीवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक मुलगी होती. काकांनी विचारलं, मान लो गाडी जंगलात बंद पडली. मान लो फोन लागत नाही. मान लो आम्ही स्वतः बॉनेट उघडलं. मुलगी म्हणाली, "सर, बोनट खोल सकते हैं, पर कोई पार्ट खोला तो वारंटी ख़त्म।" काका म्हणाले, "और मान लो पार्ट अपने आप खुल गया?" बराच वेळ पलीकडे नुसतं संगीत वाजलं. काकूंनी आतून येऊन फोन बंद केला.

शेवटच्या दिवशी मी बँकेत काउंटरवर असताना विक्रेत्याचा फोन आला. "मैडम, हाँ या ना? पेपर बन रहे हैं।" समोर रांग होती. वेळ सकाळची होती, सकाळच्या पाळीचं मत डोक्यात ताजं होतं, म्हणून मी हाँ म्हटलं. संध्याकाळी घरी आल्यावर काका दुसऱ्या पाळीवर होते. मी सांगितलं तर म्हणाले, "घेतलीस?" आणि इतक्या उदास चेहऱ्यानं फाटकाजवळच्या कोऱ्या पाटीकडे बघत बसले की मला वाटलं, उद्या सकाळी फोन करून रद्दच करावं. पण उद्या सकाळी ते पुन्हा घे म्हणाले असते.

गाडी दारात लागल्यावर पहिली मागणी काकूंची आली. "मुलताईला नेशील का गं?" काकांनी समजा म्हणायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

आम्ही एका शनिवारी निघालो. काकू मागे, मांडीवर डबा. काका माझ्या शेजारी. नर्मदेचा पूल ओलांडेपर्यंत सगळं छान होतं. काकूंनी नदीत नाणं टाकायला काच खाली घ्यायला लावली. इटारसी मागे पडली आणि सागाचं जंगल सुरू झालं, तेव्हा माझं लक्ष समोरच्या काट्याकडे गेलं. इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढत होता.

"काका, हा बघा. थांबू का?"

काकांनी वाकून काटा बघितला. काचेवर टकटक केली. "समजा, काटाच खोटा असेल तर?" ते म्हणाले. "गाडीला वास नाही, आवाज नाही. नुसत्या काट्यावर विश्वास ठेवून चालू गाडी थांबवायची?"

"पण तांबड्यात गेलाय."

"काटा गेलाय. इंजिन गेलंय का, ते कुठं माहीत आहे?"

मी थांबायला हवं होतं की नाही, अजून मला सांगता येत नाही. तेव्हा ते इतक्या अनुभवी आवाजात बोलत होते की मी तशीच चालवत राहिले. थोड्या वेळानं बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि चढावर गाडी निपचित पडली. नशिबानं पलीकडे एका बाईची चहाची टपरी होती. आम्ही काकूंना तिथल्या बाकावर बसवलं.

मी मदतकेंद्राला फोन लावला. माणूस बैतूलहून पाठवतो, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं. काकांनी बॉनेट उघडलं. एक रबरी नळी फाटून तिच्यातून पाणी गळत होतं.

"ही मी बांधू शकतो," ते म्हणाले. "कापडानं, तारेनं. मुलताईपर्यंत जाईल. पण मग पार्टला हात लावला असं होईल. तुझी वॉरंटी जाईल."

"मग नका लावू."

"पण समजा तो माणूस आलाच नाही. मग अंधार होईल."

"मग बांधा."

"बांधतो. पण समजा बांधून चाललो आणि इंजिन बसलं. मग?"

आम्ही दोघं त्या उघड्या बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत राहिलो. मला ऊन लागलं होतं, भूक लागली होती, आणि या माणसाला ओरडावं की त्याच्या खांद्यावर हात ठेवावा हे कळत नव्हतं. ज्या माणसानं चांगल्या शाफ्टमध्ये भेग पाहिली, त्यालाच आज खरा काटा खोटा वाटला होता. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं.

तेवढ्यात मागून चढ चढत मुलताईकडे जाणारी एक बस येताना दिसली. काकू बाकावरून उठल्या. टपरीवाल्या बाईच्या खांद्याचा आधार घेत त्या रस्त्याच्या कडेला गेल्या आणि त्यांनी हात केला. बस थांबली. कंडक्टरनं वरून हात दिला, बाईनं मागून रेटा दिला, आणि काकू एकेक पायरी करत, प्रत्येक पायरीवर 'आई गं' म्हणत, वर चढल्या. आम्ही बघतच राहिलो. खिडकीतून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "मी पुढे होते."

बस गेली. काका रस्त्याच्या मध्ये उभे होते.

"चढली," ते म्हणाले. मग पुन्हा, माझ्याकडे न बघता, "चढता येत होतं तिला."

मग त्यांनी हात रुमालाला पुसले आणि मला विचारलं, "तुला इथं सोडून गेलो तर चालेल?"

"जा काका. ही बाई आहे इथं."

त्याच दिशेनं टोमॅटोचा एक छोटा ट्रक येत होता. त्यांनी तो थांबवला, चालकाशी एक शब्द बोलले आणि त्याच्या शेजारी चढून बसले. ट्रक जुना होता, पुढचा एक दिवा फुटका होता. त्यांनी दाराला टकटक केली नाही.

मेकॅनिक आला तेव्हा ऊन कललं होतं. त्यानं नळी बदलली, पाणी भरलं आणि मान हलवली. "मैडम, पाइप कवर में नहीं है। पाइप फटने से इंजन को जो हुआ, वो कवर में है। मगर गरम होने के बाद गाड़ी चलाई, तो वो कवर में नहीं है। चलाई थी?"

"काटा ख़राब है, ऐसा लगा था," मी म्हटलं.

त्यानं तेही कागदावर लिहून घेतलं.

मी वॉरंटीचा दावा केला, त्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. भोपाळच्या वर्कशॉपनं इंजिन उघडलं, फोटो काढले, अर्धं मान्य झालं, अर्धं नाही. मी भरलेले पैसे आणि मिळालेला फायदा यांचा हिशेब भावानं लावला तर वॉरंटी घेतली ते बरं झालं असं निघालं, शर्मा मॅडमनं लावला तर उलट. मला विचाराल तर मला ठाऊक नाही. आता मी नाशिकला परत आले आहे, इथं कुणी जुनी गाडी घेताना मला सल्ला विचारतं, आणि मी दोन्ही बाजू सांगून त्यांना आणखी गोंधळात टाकते.

त्या दिवशी मी हळूहळू गाडी चालवत दिवेलागणीला मुलताईला पोचले. काकूंच्या बहिणीचं घर बैठं होतं, अंगणात संत्र्यांच्या पाट्या ठेवलेल्या. दोघी बहिणी बाजेवर शेजारी बसल्या होत्या. ताई अगदी लहानखुऱ्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी काकूंचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि सोडत नव्हत्या.

"ओळखलं का तुम्हाला?" मी हळूच विचारलं.

"मी दारात आले तर म्हणाली, किती उशीर केलास गं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते.

चहा घेऊन आलेली सून मला आत घेऊन गेली आणि कुजबुजली, "त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात ओ. सकाळी दूधवाल्यालाही म्हणाल्या." काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मी घाबरले, वाटलं आता ते बाहेर जाऊन काकूंना सांगतील, समजा ती तुला म्हणालीच नसेल.

ते बाहेर गेले. बाजेसमोरच्या स्टुलावर बसले आणि मेहुणीकडे बघून म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. उशीर मीच केला. ही केव्हापासून यायचं म्हणत होती."

ताईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मी हिचा नवरा."

"बरा आहे," ताई काकूंना म्हणाल्या, आणि काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. रडत रडत हसत होत्या.

रविवारी सकाळी मला निघायचं होतं, सोमवारी बँक होती. काकूंनी राहायचं ठरवलं होतं. किती दिवस, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बघू." काका माझ्याबरोबर परतणार होते. घराला कुलूप होतं, कुंड्यांना पाणी कोण घालणार, दूधवाल्याला सांगितलेलं नाही, असं ते नाश्ता करताना मोजून दाखवत होते. त्यांची पिशवी मी डिकीत ठेवली. ते शेजारी येऊन बसले, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली, अंगणाबाहेर काढली, गल्लीच्या तोंडाशी आणली.

"थांबव," ते म्हणाले.

मला वाटलं, इंजिनाचा काहीतरी आवाज ऐकला. मी थांबवली. त्यांनी पट्टा सोडला, उतरले, डिकी उघडून पिशवी काढली आणि माझ्या खिडकीशी येऊन घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"कुंड्यांना पाणी घाल," ते म्हणाले, आणि पिशवी काखेत मारून त्या घराकडे चालू लागले. भराभर चालत होते. मी आरशात बघत राहिले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.